सहा इंच कोणाला पुरतात?

६.७ इंचांचा मोबाइल आणि ६ इंचांचा ई-रीडर शेजारी शेजारी ठेवले, तर पडदा मोठा कोणाचा? आकड्यावर विश्वास ठेवणारा म्हणेल मोबाइलचा, पट्टी लावून मोजणारा म्हणेल ई-रीडरचा. मोबाइलचा पडदा उंच आणि चिंचोळा असतो, बऱ्याचदा २०:९ या प्रमाणातला. त्यामुळे कर्ण ६.७ इंच असूनही रुंदी जेमतेम पावणेतीन इंच भरते. ई-रीडरचा पडदा ४:३ प्रमाणातला, म्हणजे ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. गुणाकार केला की मोबाइलच्या वाट्याला १६.८ चौरस इंच येतात, ई-रीडरच्या वाट्याला १७.३. क्षेत्रफळातला हा फरक किरकोळ आहे, पण ओळ वाचायची असते आडवी, आणि रुंदीत ई-रीडर पाऊण इंचाहून अधिक पुढे आहे.

जाहिरातीत दिलेला आकडा कर्णाचा असतो, ही गोष्ट माहीत सगळ्यांनाच असते. खरेदीच्या वेळी लक्षात कोणाच्याच नसते. ४:३ पडद्याचा हिशेब शाळेतल्या ३-४-५ च्या काटकोन त्रिकोणावर चालतो. कर्णाला पाचाने भागा. आलेल्या आकड्याला तिनाने गुणलं की रुंदी, चाराने गुणलं की उंची. ७ इंचांचा पडदा ४.२ बाय ५.६ इंच निघतो. क्षेत्रफळ २३.५ चौरस इंच, म्हणजे ६ इंचांपेक्षा ३६ टक्के जास्त. ७.८ इंचांवर ही वाढ ६९ टक्क्यांवर जाते, आणि १०.३ इंचांचा पडदा ६ इंचांच्या जवळजवळ तिप्पट भरतो. ‘एका इंचाचाच तर फरक आहे’ असं म्हणून लहान यंत्र उचलणाऱ्याने हा एक इंच कर्णावरचा आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

मुळात हे ६ इंच आले कुठून? ई-इंक ही कंपनी १९९७ मध्ये, एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून उभी राहिली. सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे विद्युतभारित कण, वीज दिली की एक रंग वर येतो आणि वीज काढली तरी तिथेच राहतो, हे त्या पडद्याचं तत्त्व. २००४ मध्ये सोनीने जपानात ‘लिब्रिए’ हे यंत्र आणलं, त्याचा पडदा ६ इंचांचा होता. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं पहिलं किंडल ३९९ डॉलरला आलं, तेही ६ इंचांचंच. एखादा आकार कारखान्यात एकदा बसला की तो स्वस्त पडतो, आणि स्वस्त पडला की सगळेच तो वापरतात. शिवाय इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने तो अगदी गैरलागू नव्हता. तिकडच्या स्वस्त खिसापुस्तकाचं पान साधारण सव्वाचार बाय सात इंचांचं. चारी बाजूंचे समास वजा केले तर छापील मजकुराची रुंदी या पडद्याच्या रुंदीच्या आसपास येते.

दोन्ही टोकांचे प्रयोगही झाले. सोनीने २००९ मध्ये आणि कोबोने २०१२ मध्ये ५ इंचांची यंत्रं आणली. पुढे मोबाइलच तेवढे झाले आणि त्या आकाराला कोणी विचारेनासं झालं. २००९ मध्येच किंडल डीएक्स आलं. त्याचा पडदा ९.७ इंचांचा, वजन अर्ध्या किलोहून जास्त, रोख पाठ्यपुस्तकं आणि वर्तमानपत्रांवर. ते फार चाललं नाही. मोठा पडदा परत आला तो लेखणी घेऊन: २०१७ चं रिमार्केबल १०.३ इंचांचं, २०२२ चं किंडल स्क्राइब १०.२ इंचांचं. मधल्या काळात लोकप्रिय किंडल पेपरव्हाइटही हळूच सरकत राहिलं. २०१८ पर्यंत ६ इंच, २०२१ मध्ये ६.८, २०२४ मध्ये ७. म्हणजे ज्यांनी ६ इंच रूढ केले, तेच आता त्याच्यापुढे गेलेत.

मराठी वाचकाचा हिशेब मात्र इंग्रजी वाचकापेक्षा वेगळा आहे, आणि माझ्या मते खरेदीच्या सल्ल्यांमध्ये नेमका तोच सुटतो. कारणं दोन: आपली लिपी आणि आपल्याला मिळणाऱ्या फायली.

आधी लिपी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात. खाली उकार आणि ऋकार. या सगळ्यांना जागा द्यायची म्हणजे त्याच मापाच्या फॉन्टमध्ये मूळ अक्षराचं अंग बारीक होतं आणि ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं. इंग्रजी पुस्तक ज्या मापावर आरामात वाचता येतं, त्याच मापावर मराठी पुस्तक उघडलं की आपण नकळत अक्षर एक-दोन पायऱ्या वाढवतो. इंग्रजी मुद्रणकलेत एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं वाचायला बरी, असा संकेत आहे. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी आपल्या १९९२ च्या ग्रंथात ६६ ही संख्या आदर्श मानली. काना-मात्रा-जोडाक्षरांच्या लिपीत अशी मोजणी अवघड, म्हणून शब्द मोजावेत. डेमी आकाराच्या मराठी कादंबरीत ओळीला साधारण आठ ते दहा शब्द असतात. ६ इंचांच्या पडद्यावर अक्षर जरा वाढवलं की ओळीत पाच-सहाच शब्द उरतात.

त्यात मराठी शब्दाची शेपटी लांब. प्रत्ययावर शब्दयोगी अव्यय, त्यावर ‘सुद्धा’ किंवा ‘ही’ चढवून आपण ‘विद्यार्थ्यांच्यापेक्षाही’ असा शब्द सहज बोलून जातो. अरुंद ओळीच्या शेवटी असा शब्द आला, तो मावला नाही आणि पुढच्या ओळीवर गेला, की दोन्ही कडा समान राखण्यासाठी यंत्र उरलेल्या चार शब्दांत मोठमोठ्या फटी पाडतं. पानभर अशा फटी दिसू लागल्या की डोळा अडखळतो. छापखान्यातला जुना जुळारी हे पाहून हळहळला असता. यावर सोपा इलाज आहे: सेटिंगमध्ये जाऊन मजकूर फक्त डावीकडे समान करावा, उजवी कड ओबडधोबड राहू द्यावी. दिसायला थोडं गबाळं, वाचायला पुष्कळ बरं.

पद्याची परीक्षा याहून कडक. अभंगाचे चरण लहान, ते कुठेही बसतात. पण शार्दूलविक्रीडित वृत्तात एका चरणात १९ अक्षरं असतात. आपल्या लग्नातली मंगलाष्टकं याच वृत्तातली. अक्षर मोठं केलेल्या ६ इंची पडद्यावर असा चरण मधेच मोडतो, शेवटची दोन-तीन अक्षरं खालच्या ओळीत जातात आणि वृत्ताची घडण डोळ्यांसमोरून नाहीशी होते. गझलेचा लांब मिसराही असाच तुटतो. कविता वाचणाऱ्याने दुकानात यंत्र हातात घेतलं तर कादंबरी न उघडता कवितासंग्रह उघडून पाहावा.

आणि मग चाळिशी. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं. चष्मा लागला तरी मोठं अक्षर हवंसं वाटतं. ई-रीडर घेणाऱ्या अनेकांना तो हवा असतो तो याचसाठी. पण अक्षर दीडपट केलं तर पानावरचा मजकूर दीडपट घटत नाही. ओळीत मावणारी अक्षरं दीडपट कमी होतात आणि ओळींची संख्याही दीडपट कमी होते, म्हणजे मजकूर सव्वादोन पटींनी घटतो. आधी ज्या पानावर दीडशे शब्द मावत, तिथे साठ-सत्तर उरतात. परिच्छेद एका नजरेत येत नाही, आणि पान सतत उलटावं लागतं. ई-इंकचं पान उलटताना पडदा क्षणभर लुकलुकतो. बॅटरीही मुख्यतः पान बदलताना आणि पडद्यावर समोरून उजेड टाकणाऱ्या दिव्यासाठी खर्च होते. आधीइतकाच मजकूर दीडपट अक्षरात हवा असेल, तर कर्णही दीडपट लागेल: ६ चे ९ इंच. ९ इंचांचं यंत्र बाजारात सहसा दिसत नाही, म्हणून साठीच्या वाचकाने ७.८ ते १०.३ यांच्यात शोधावं. आईवडिलांना भेट द्यायला लोक सर्वांत छोटं आणि स्वस्त यंत्र निवडतात, ते मला नेहमी उलटं वाटत आलंय. तरुण डोळ्यांना ६ इंच चालतील, त्यांना चालणार नाहीत.

आता फायली. इथे खरी गोम आहे.

ई-पुस्तकं दोन जातींची. एकात मजकूर प्रवाही असतो. ईपब किंवा किंडलचं पुस्तक पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी नव्याने मांडतं. अक्षर वाढवा, पानं वाढतात, बाकी काही बिघडत नाही. दुसरी जात पीडीएफची. १९९३ मध्ये अ‍ॅडोबीने आणलेल्या या पद्धतीत पान छापल्यासारखं गोठलेलं असतं. अक्षर मोठं करायचं तर पानच मोठं करावं लागतं, आणि मग ते पडद्याबाहेर जातं. मोबाइलवर आपण दोन बोटांनी पान ताणतो आणि सरकवतो. ई-इंकवर प्रत्येक सरकवण्याला पडदा नव्याने उमटतो, त्यामुळे ही सवय इथे निरुपयोगी.

डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं रीतसर आली, आणि तेव्हापासून प्रवाही मराठी पुस्तकं वाढत आहेत. तरी मराठी अभ्यासकाचा, जुन्या पुस्तकांच्या शौकिनाचा साठा पाहिला तर त्यात मोठा वाटा पीडीएफचाच निघतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, ती पीडीएफ. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं पीडीएफ. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली आणि आता इंटरनेट आर्काइव्हवर असलेली शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं तर पानांचे फोटोच.

‘पीडीएफचं ईपब करून घ्या’ हा सल्ला इंग्रजी वाचकाला चालतो. मराठीत तो बऱ्याचदा फसतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आपले छापखाने आणि प्रकाशक त्यानंतरही कितीतरी वर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करत राहिले. त्या फॉन्टमध्ये ‘क’ चा आकार रोमन चिन्हाच्या जागेवर बसवलेला असतो. डोळ्याला शुद्ध मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी तो निव्वळ रोमन गोंधळ. असा मजकूर प्रवाही करायला गेलं की पानभर अगम्य चिन्हं उमटतात. तेव्हा गोठलेलं पान गोठलेलंच वाचायचं, आणि ते जसंच्या तसं मावेल एवढा पडदा घ्यायचा, हा मार्ग उरतो.

तो किती मोठा? डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. त्यातलं अक्षर १२ पॉइंटचं धरू. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. अख्खं पान ६ इंचांच्या पडद्यावर बसवलं तर ते ५६ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर पावणेसातचं होतं. औषधाच्या चिठोऱ्यावरच्या मजकुराची आठवण यावी इतकं. ७ इंचांवर ते आठाच्या जरासं खाली, ७.८ वर पावणेनऊ, १०.३ वर साडेअकरा.

पण पान म्हणजे मजकूर नव्हे. पुस्तकाला समास लागतो तो अंगठा ठेवायला आणि बांधणीत कागद आत जातो म्हणून. ई-रीडरला त्याची चौकटच समासाचं काम करते. म्हणून पडद्याची तुलना कागदाशी न करता छापील मजकुराच्या चौकोनाशी करावी. डेमी पुस्तकात तो चौकोन साधारण ४ बाय पावणेसात इंचांचा असतो. बहुतेक यंत्रांमध्ये पीडीएफचे समास कापण्याची सोय आहे. ती वापरली तर ६ इंचांवर अक्षर साडेआठ पॉइंटवर येतं, ७ इंचांवर दहाच्या आसपास, ७.८ इंचांवर अकरावर. म्हणजे डेमी आकाराच्या पीडीएफला ७.८ इंच जवळजवळ पुरतात, ७ इंच सोसतात आणि ६ इंच छळतात. जुन्या स्कॅनमध्ये मात्र यंत्राला समास ओळखता येत नाही. पान तिरकं असतं, कडेला काळी पट्टी असते, मधोमध ग्रंथालयाचा शिक्का असतो, आणि यंत्र त्या शिक्क्यालाही मजकूर समजतं. तिथे कापण्याची चौकट हाताने आखावी लागते.

ए-४ आकाराचे शोधनिबंध, शासन निर्णय, विद्यापीठांच्या पुस्तिका वाचणाऱ्यांसाठी मात्र १०.३ इंचसुद्धा काठावरचे. एक-एक इंच समास कापल्यावर १२ पॉइंटचं अक्षर दहाचं होतं. चालतं, ऐसपैस वाटत नाही. दिवसभर हेच वाचायचं असेल तर १३.३ इंचांची यंत्रं आहेत. ती महाग आहेत आणि मांडीवर किंवा टेबलावर ठेवूनच वापरायची आहेत.

६ इंचांचं यंत्र ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी निराश होऊ नये. यंत्र आडवं धरलं की रुंदी ४.८ इंच होते आणि डेमीचा मजकूर मूळ पुस्तकापेक्षाही मोठा दिसतो. फक्त एका पानाचे तीन तुकडे वाचावे लागतात. कोरीडर नावाची मोफत प्रणाली काही यंत्रांवर बसवता येते. ती पानाच्या चित्रातून शब्दांचे तुकडे कापून ओळी नव्याने लावते. ती अक्षरं ‘वाचत’ नाही, फक्त शब्दांमधली रिकामी जागा पाहते, त्यामुळे श्रीलिपीचा घोळ तिला बाधत नाही, आणि शिरोरेषेने बांधलेला मराठी शब्द मधे तुटण्याची भीतीही कमी.

इतकं वाचून कोणी सरळ १०.३ घ्यायला निघेल, त्याने आधी मनगटाला विचारावं. २०२२ चं ६ इंची किंडल १५८ ग्रॅमचं, २०२४ चं ७ इंची पेपरव्हाइट २११, आणि स्क्राइब ४३३ ग्रॅम. कव्हर घातलं की वर आणखी शंभर-दीडशे. छापील पुस्तक दोन्ही हातांत मधोमध धरलं जातं. ई-रीडर एका हाताने एका कडेला धरतात, त्यामुळे रुंदी वाढली की त्याच वजनाचा ताण मनगटावर जास्त पडतो. किंडल ओअ‍ॅसिस आणि कोबोच्या लिब्रा मालिकेत एका बाजूची कड मुद्दाम रुंद ठेवून वजन तळहाताकडे आणलं होतं, पान उलटायला बटणंही दिली होती. ओअ‍ॅसिस आता बंद झालं, ही वाईट गोष्ट. मुंबईच्या लोकलमध्ये एक हात कडीला आणि एका हातात पुस्तक अशी वाचनाची वेळ असेल, तर ७ इंचांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. उताणं पडून वाचणाऱ्याच्या नाकावर १०.३ इंच एकदा पडलं की तो विषय आपोआप मिटतो.

ठिपक्यांची दाटीही पाहावी. पहिल्या किंडलमध्ये इंचाला १६७ ठिपके होते. आज ३०० सर्वसाधारण झालेत. पण मोठ्या पडद्यावर ते गृहीत धरू नयेत. १४०४ बाय १८७२ हेच ठिपके ७.८ इंचांच्या पडद्यावर इंचाला ३०० पडतात आणि १०.३ इंचांवर पसरले की २२७ च्या आसपास. कथा-कादंबरीला तेवढे पुरतात. बारीक टाइपातली ‘ष्ट्र’, ‘द्ध्य’ अशी जोडाक्षरं किंवा ‘ऱ्या’मधला आडवा ‘र’ वाचताना मात्र फरक जाणवतो. रंगीत ई-इंकमध्ये रंगीत भागाची दाटी निम्मी, १५०, असते आणि पडदा थोडा करडा दिसतो. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पाहण्यापलीकडे मराठी वाचकाला त्याचा उपयोग मला अजून दिसलेला नाही. त्यापेक्षा अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र कामाचं, कारण त्यावर बुकगंगासारखी मराठी पुस्तकांची ॲपही बसतात.

एकच यंत्र घ्यायचं आणि वाचन मुख्यतः विकत घेतलेल्या कथा-कादंबऱ्यांचं, तर मी ७ इंच सुचवेन. साठ्यात निम्म्याहून जास्त डेमी पीडीएफ असतील तर ७.८ किंवा ८. ए-४ कागदपत्रं आणि समासात टिपणं काढायची असतील तर १०.३, तेही शक्यतो ३०० ठिपक्यांचं. ६ इंच प्रवासासाठी, आणि पंचविशीतल्या डोळ्यांसाठी.

पैसे मोजण्याआधी घरीच एक खटपट करता येते. जुन्या पुठ्ठ्याच्या मधोमध खिडकी कापा: ६ इंचांसाठी ९.१ बाय १२.२ सेंटिमीटर, ७ साठी १०.७ बाय १४.२, ७.८ साठी ११.९ बाय १५.८, १०.३ साठी १५.७ बाय २०.९. नेहमी वाचता त्या पुस्तकाच्या पानावर ती ठेवा आणि खिडकीतून किती ओळी दिसतात, किती शब्द कडेला कापले जातात ते पाहा. मग कपाटातून तेवढ्या वजनाचं एखादं पुस्तक काढा, किराणा दुकानातल्या काट्यावर तोललं तरी चालेल, आणि रात्री ज्या अवस्थेत वाचता त्या अवस्थेत अर्धा तास एका हाताने धरून बघा. खिडकी मोठी मागेल आणि मनगट लहान. दोघांचं जिथे जमेल ते माप घ्यावं. आणि जमलंच नाही, तर मनगटाचं ऐकून पीडीएफ टेबलावरच्या संगणकावर वाचावेत.